पडद्यावरच्या समुद्राला भरती येत नाही

मे महिन्याच्या सुट्टीत माझा अकरावीतला भाचा आमच्याकडे येतो. आंबे आणि समुद्र ही सांगायची कारणं. खरं कारण असं, की इथं लॅपटॉपवर खेळत बसल्याबद्दल त्याला कुणी रागवत नाही. एका दुपारी ओपीडी आटोपून मी घरी आले, तर तो दारातच म्हणाला, "मावशी, माझ्या शहरातली माणसं पटापट आजारी पडतायत. दोन दवाखाने बांधले तरी कमी होत नाहीये. बघ ना जरा."

साथ कुठलीही असो, डॉक्टरचे प्रश्न ठरलेले असतात. मी विचारलं, कुठल्या भागात? कधीपासून? पाणी कुठून येतं? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर सापडलं. पठ्ठ्याने शहराचं सांडपाणी नदीच्या वरच्या अंगाला सोडलं होतं आणि पिण्याच्या पाण्याचा पंप खालच्या अंगाला बसवला होता. पाइपाची जागा बदलली आणि थोड्या वेळाने घरांवरची आजाराची चिन्हं विरळ होत गेली. नवा दवाखाना बांधावा लागला नाही.

हा खेळ म्हणजे 'सिटीज: स्कायलाइन्स'. फिनलंडच्या कोलॉसल ऑर्डर या कंपनीने तो २०१५ मध्ये आणला. रस्ते आखायचे, वस्ती, बाजार, कारखाने यांच्या जागा ठरवायच्या, वीज-पाणी पुरवायचं आणि शहर वाढताना बघायचं, असा हा प्रकार. याचा पूर्वज 'सिमसिटी' १९८९ चा. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती कॉलऱ्याचे मृत्यू कसे दाटलेत, हे डॉ. जॉन स्नो यांनी दाखवून दिलं. आरोग्यशास्त्राच्या पुस्तकातला तो धडा माझा भाचा खेळता खेळता दहा मिनिटांत शिकला. म्हणून मी या खेळाला नावं ठेवणार नाही.

खेळाचा दुसरा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये आला. भाच्याने वहीत एक यादी करून ठेवली आहे : या भागात अजून काय सुधारायला हवं. खेळ अडकत चालतो तो सुरळीत चालावा, चौकातली वाहतूक शहाणी व्हावी, सायकलींना चांगले मार्ग मिळावेत, वगैरे. "तुला काय हवं, सांग. लिहितो," तो म्हणाला. मी गमतीत सांगायला लागले आणि रात्रीपर्यंत यादी लांबत गेली. ती संपली तेव्हा लक्षात आलं, की मी खेळाबद्दल कमी आणि आपल्या किनाऱ्याबद्दलच जास्त बोलत होते.

समुद्राला भरती-ओहोटी द्या

त्याच्या शहराला सुंदर समुद्रकिनारा आहे. पण मी तासभर बघत होते, पाणी जिथं होतं तिथंच होतं. आपल्याकडे असं चालत नाही. दर सव्वाबारा-साडेबारा तासांनी भरती येते आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ साधारण कळते, हा हिशेब कोळीवाड्यातल्या पोरांनाही तोंडपाठ असतो.

याचा आरोग्याशी संबंध काय? पावसाचं पाणी उतारानं खाडीकडे जातं. पण उधाणाच्या भरतीला खाडीच वर आलेली असते. तेव्हा पाण्याला जायला वाट उरत नाही आणि ते वस्तीत थांबतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सगळ्यांना आठवतं. त्याच दुपारी ४.४८ मीटरची भरती होती, हे फार कुणाला आठवत नाही.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं. पेण-अलिबागच्या खारेपाटात खाडीच्या कडेने बांध घातले आणि त्यात उघाड्या ठेवल्या. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघाडीचं दार बाहेर उघडतं आणि शेतातलं पाणी निघून जातं. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने तेच दार मिटतं. वीज लागत नाही, माणूस लागत नाही, फक्त देखभाल लागते. नवी मुंबई वसवताना सिडकोने हेच तत्त्व मोठ्या प्रमाणावर वापरलं. भरतीच्या वेळी पावसाचं पाणी धारण तलावांत साठवायचं आणि ओहोटीला सोडायचं.

म्हणून खेळ बनवणाऱ्यांना माझं पहिलं मागणं : समुद्र हलता ठेवा. खाजणात भराव टाकणाऱ्याला स्वस्तात जमीन मिळू दे, पण पुढच्या उधाणाला तेवढंच पाणी दुसरीकडे चढलेलंही त्याला दिसू दे.

आजार उशिरा येऊ द्या

भाच्याच्या शहरात पाऊस पडतो, छान दिसतो. पण पावसामुळे घरात पाणी शिरलेलं मी पाहिलं नाही आणि पाणी ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस तर त्या खेळात नाहीतच. आमच्या वॉर्डात मात्र खरा पावसाळा त्या पंधरा दिवसांत सुरू होतो.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका रात्री चाळिशीचा एक माणूस आला. चार दिवस ताप, पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की हात लावू देत नव्हता, डोळे आधी लाल आणि मग पिवळे, लघवी जवळजवळ बंद. घरच्यांना वाटलं कावीळ, म्हणून दोन दिवस झाडपाल्यात गेले. मी विचारलं, पाण्यात होतात का? बायको म्हणाली, "आता नाय हो. दहा-बारा दिवस झाले त्याला. घरात ढोपरभर होता पानी, तीन दिवस."

तो लेप्टोस्पायरोसिस होता. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मूत्रातून हे जिवाणू साचलेल्या पाण्यात उतरतात आणि पायावरच्या ओरखड्यातून शरीरात शिरतात. ताप येतो तो बहुधा ५ ते १४ दिवसांनी. तोवर पाणी ओसरलेलं असतं, बातम्या थांबलेल्या असतात आणि माणूस स्वतःही ते पाणी विसरलेला असतो. लवकर ओळखला तर साध्या अँटिबायोटिकने बरा होणारा हा आजार उशीर झाला की मूत्रपिंड आणि फुप्फुस निकामी करतो. हा माणूस डायलिसिसवर जाऊन वाचला. त्याच पावसाळ्यात त्याच आळीतला दुसरा एकजण वाचला नाही.

खेळात कारण आणि परिणाम हातात हात घालून येतात. पाइप हलवला की आजार गेला. मला हवा आहे तो खेळ असा, की ज्यात पुराचा हिशेब पूर ओसरल्यानंतर दोन आठवड्यांनी पडद्यावर येतो. तोवर महापौर दुसऱ्याच कुठल्या उड्डाणपुलात गुंतलेला असेल. खऱ्या महापौरांचंही असंच होतं.

नकाशा रिकामा देऊ नका

तो माणूस राहत होता ते गावठाण पूर्वी आजूबाजूच्या शेतांपेक्षा उंच होतं. गावं उंचवट्यावरच वसवायची, हा कोकणातला जुना शिरस्ता. पुढे आजूबाजूला भराव पडला, त्यावर रस्ते आणि इमारती आल्या. गाव जागचं हललं नाही, पण भोवतालच्या मानाने खोलगट झालं. बशीच्या कडा उंच केल्या की मधे पाणी साचणारच.

भाच्याचा खेळ सुरू होतो तेव्हा नकाशावर डोंगर, नदी, झाडं असतात आणि बाहेरून येणारा एक महामार्ग. माणूस एकही नसतो. खऱ्या शहराला असा नकाशा कधीच मिळत नाही. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. पण कागदावर जिथं नवं शहर होतं, तिथं ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातली ९५ गावं होती. भातशेती, मिठागरं, मासेमारी होती. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जे आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व त्या लढ्यातून आलं.

म्हणून मागणं क्रमांक तीन : खेळाच्या नकाशावर आधीची गावं असू द्या. त्यांची विहीर, स्मशान, मासे सुकवायची जागा, पाण्याची जुनी वाट, सगळं. बुलडोझर फिरवायला बंदी नको. पण फिरवला, की पुढच्या पावसाळ्यात त्या गावाची आरोग्याची पत्रिका समोर यावी.

बांधणाऱ्याला छप्पर द्या

पडद्यावर इमारत उभी राहते तेव्हा क्रेन फिरते. वीस मजले चढतात. पण ते चढवणारा माणूस कुठे झोपतो, पाणी कुठलं पितो, हे दिसत नाही. आमच्या ओपीडीत तो दिसतो. थंडी वाजून ताप, अंगावर सिमेंट, सोबत मुकादम.

शहरी मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्साय हा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो. क्युरिंगसाठी स्लॅबवर साठवलेलं पाणी, झाकण नसलेली टाकी, लिफ्टचा खड्डा या त्याच्या आवडीच्या जागा. उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एकदा पाणी रिकामं करून भांडं कोरडं करा, असं आम्ही सांगतो. मजूर मलेरिया असलेल्या मुलखातून आला, तर परजीवी त्याच्या रक्तात असू शकतो. डास इथला, परजीवी तिथला, आणि दोघांची गाठ बांधकामावर. यात दोष मजुराचा नाही. त्याला मच्छरदाणी, बंद टाकी आणि रक्त तपासणी न देणाऱ्याचा आहे. शेजारच्या पूर्ण झालेल्या इमारतीत राहायला आलेल्यांना तोच डास चावतो. मजुराच्या खोपटातला ताप बाराव्या मजल्यावर जायला लिफ्टची वाट बघत नाही.

तेव्हा इमारत बांधायला घेतली की आधी कामगारांची वस्ती बांधायची, असा नियम खेळात असावा.

हिरव्या रंगावर विसंबू नका

खेळात दवाखाना बांधला की आसपासचे रस्ते हिरवे होतात. म्हणजे इथं आरोग्यसेवा पोहोचली. हा हिरवा रंग मला सर्वात जास्त खटकला.

आगरदांड्याच्या धक्क्यावर उभं राहा. समोर दिघी दिसते. दिवसा फेरीबोटीतून गाडीसकट पलीकडे जाता येतं. मध्यरात्री साप चावला, प्रसूती अडली, तर राजपुरीच्या खाडीला वळसा घालून जावं लागतं. नकाशावर अंतर तेवढंच राहतं, रुग्णासाठी मात्र ते कित्येक पटींनी वाढतं. आपल्या किनाऱ्यावर अशा अनेक खाड्या आहेत. आरोग्यसेवा किती किलोमीटरवर आहे याला फारसा अर्थ नाही. पावसाळ्यातल्या रात्री दोन वाजता ती किती मिनिटांवर आहे, हे महत्त्वाचं.

दुसरं असं, की दवाखाना मोठा असला म्हणजे भागलं असं नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं, मुलं दगावत होती. विषामुळे रक्तदाब एकदम चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वेळेत दिली तर रुग्ण वाचतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झालं. चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत खाली आलं. त्यासाठी नवी टोलेजंग इमारत लागली नाही. गोळी गावाजवळ असणं आणि ती कधी द्यायची हे जाणणारा माणूस तिथं असणं, एवढं लागलं.

खेळात दवाखान्याचा आकार निवडता येतो. मला आत काय आहे ते निवडायचं आहे. सर्पदंशाची लस किती, रात्रपाळीला कोण, वीज गेली तर जनरेटरमध्ये डिझेल आहे का? ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा हा शेवटचा प्रश्न किती महत्त्वाचा आहे, ते सगळ्यांनाच कळलं.

सगळे एकदम म्हातारे होतात

एक गोष्ट मात्र हा खेळ अजाणता फार खरी दाखवतो. पहिल्या भागात खेळणाऱ्याने एकदम मोठी वस्ती उघडली, की एकाच वयाची माणसं घोळक्याने राहायला येत. कित्येक वर्षं सगळं छान चाले. मग ती सगळी एकदमच म्हातारी होत आणि एकदमच मरू लागत. शववाहिका पुरत नसत. खेळणाऱ्यांनी याला 'मृत्यूची लाट' असं नाव दिलं.

भाच्याला हा खेळातला दोष वाटतो. मला तो लोकसंख्याशास्त्राचा धडा वाटतो. नवं शहर एका दशकात वसतं तेव्हा तरुण जोडपी एकदम येतात. आधी पाळणाघरं कमी पडतात, मग शाळा, मग कॉलेजं आणि चाळीस वर्षांनी गुडघे, मोतीबिंदू, विस्मृती. दुसरीकडे म्हसळा-श्रीवर्धन-पोलादपूरकडच्या गावांतली तरुण माणसं मुंबईला गेली, घरी आईवडील राहिले. तिथंही वय एका बाजूला झुकलेलं. पुढच्या भागात ही लाट काढून टाकू नका. तीस वर्षं आधी तिची चाहूल देणारा आलेख तेवढा द्या.

"मग खेळणार कोण?"

यादी वाचून भाचा म्हणाला, "मावशी, हा खेळ राहिला नाही. ही तुझी ड्यूटी झाली."

त्याचं बरोबर आहे. खेळ बनवणाऱ्यांना काहीतरी गाळावंच लागतं. २०१३ च्या 'सिमसिटी'च्या रचनाकाराने सांगितलं होतं, की खऱ्या शहरात लागतात तेवढे वाहनतळ दाखवले असते तर तो वाहनतळांचाच खेळ झाला असता. म्हणून ते जमिनीखाली आहेत असं मानून टाकलं. तक्रार करण्यासारखं यात काही नाही. पण जे वारंवार दिसत नाही ते नसतंच, अशी नजरेला सवय लागते. शहर वरून, ढगाच्या उंचीवरून बघायची सवय फक्त खेळणाऱ्यांनाच असते असंही नाही. खऱ्या आराखड्याचा नकाशाही वरूनच बघितला जातो.

आणि आपल्याकडे आता खेळ चाललेला नाही. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या क्षेत्रावर कर्नाळा-साई-चिरनेर नवनगराची अधिसूचना निघाली. विमानतळही आला आहे. रस्ते, घरं, नोकऱ्या येतील, यायलाच हव्यात. मी शहराच्या विरोधात नाही. जवळ मोठं रुग्णालय यावं असं आमच्याइतकं कुणालाच वाटत नसेल. पण इथं पाइप चुकला तर एका क्लिकवर हलत नाही, आणि आजाराचं चिन्ह घरावर तरंगताना दिसत नाही. ते दहा-बारा दिवसांनी आमच्या दारात येतं.

म्हणून या भागात घर घेणाऱ्यांना किंवा गावात आराखड्यावर हरकती-सूचना देणाऱ्यांना माझी विनंती आहे. चटईक्षेत्र आणि किंमत विचारून झाली, की आणखी चार प्रश्न विचारा. या जागी पूर्वी काय होतं : शेत, खाजण की तलाव? भर पावसात उधाणाची भरती असेल तेव्हा इथलं पाणी कुठं जातं, आणि वाटेत कुणाचं घर लागतं? रात्री दोन वाजता रुग्णाला उपचार मिळायला किती मिनिटं लागतात? इथं काम करणारे मजूर राहतात कुठे?

आणि पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालावं लागलं, तर घरी येऊन पाय साबणाने धुवा, जखम झाकून ठेवा. ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना आधी ती तारीख सांगा. प्रतिबंधक गोळी घ्यायची की नाही हे आरोग्य केंद्रात विचारा, मनाने घेऊ नका.

भाचा परत गेला. परवा त्याचा फोन आला होता. त्याने नवं शहर सुरू केलंय. नदी समुद्राला मिळते तिथली सखल जमीन या वेळी मोकळी सोडली आहे. "भरती येत नाही, माहीत आहे," तो म्हणाला, "पण आलीच तर."